दूरच्या प्रवासात असलेल्यांचा सण

शास्त्रभाग : गणना 9:1-14, निर्गम 12:1-4 व 21-27, लूक 2:41-52, लूक 24:13-35. (शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी पहिले दोन भाग वर्गास येण्यापूर्वी घरी सावकाश वाचावेत.)

सुरतेतील कतारगाम हा भाग हिऱ्यांच्या कारखान्यांचा. दिवाळी आली की हे कारखाने बंद होतात, कारागीर सौराष्ट्रातील आपापल्या गावी निघून जातात, आणि एरवी पाऊल ठेवायला जागा नसलेले रस्ते मोकळे पडतात. गुजरातेतील शाळांनाही तेव्हा 21 दिवसांची सुट्टी असते. आमच्यासारखी जी मराठी ख्रिस्ती कुटुंबे पोटापाण्यासाठी येथे येऊन राहिली आहेत त्यांनाही ही सुट्टी मिळते, आणि आम्ही ती आनंदाने घेतो. परंतु आमचा जो मोठा सण, प्रभूच्या पुनरुत्थानाचा, त्याच्या वाट्याला काय येते? गुड फ्रायडेची एक सुट्टी. शनिवारी कारखाना चालू. ईस्टरचा रविवार. सोमवारी सकाळी पुन्हा कारखाना, आणि मुलांची बहुधा वार्षिक परीक्षा.

हे दरवर्षी असेच होणार, ह्याचे कारण पंचांगातच आहे. वसंतसंपाताची तारीख म्हणून मंडळीने 21 मार्च धरला आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. म्हणून तो 22 मार्चच्या आधी येत नाही व 25 एप्रिलच्या पुढे जात नाही. अगदी 25 एप्रिलला तो 1943 साली आला होता, आता 2038 साली येईल. आमच्याकडे उन्हाळ्याची 35 दिवसांची सुट्टी लागते ती मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे सण कितीही उशिरा आला तरी सुट्टी त्याच्या मागून येते, दोघांची गाठ पडत नाही. इंग्लंडात शाळेची सुट्टीच ईस्टरभोवती बेतलेली असते. तेथे मुलाला सुट्टी म्हणताच सण आठवत असेल. आमच्या मुलीला 'वेकेशन' म्हणताच दिवाळीचे फटाके आणि मे महिन्यातील आंबे आठवतात. (सुट्टीला ती वेकेशनच म्हणते. येथील सगळी मुले तसेच म्हणतात.)

कोणी म्हणेल, सुरत म्हणजे काही परदेश नव्हे. खरे आहे. 1 मे 1960 पर्यंत सुरत आणि आमचा नगर जिल्हा एकाच मुंबई राज्यात होते. परंतु ज्या ठिकाणी शेजारी आपली प्रार्थना ऐकून ही कोणती भाषा असे विचारतो, आजारी आईला पाहायला जायचे तर रजेचा अर्ज करावा लागतो, आणि सणाच्या दिवशी दारात नात्याचे कोणी येत नाही, ते ठिकाण परमुलुखच होय. आमचे गाव नेवासे तालुक्यात. सुरतेहून नाशिकमार्गे एस.टी.ने जायचे म्हणजे एक रात्र जाते, आणि तेवढ्याच वेळात परत यायचे. शनिवारी संध्याकाळी निघून सोमवारी सकाळी कामावर हजर राहणे एकट्यादुकट्याला जमेल, परीक्षेला बसलेल्या मुलांना घेऊन जमत नाही.

आता जे सांगतो ते सांगताना मला संकोच वाटतो, कारण मी स्वतः उपदेश करणारा माणूस आहे. 2022 साली ईस्टर 17 एप्रिलला होता. सोमवारी मुलीचा गणिताचा पेपर होता. आम्ही नवराबायकोने ठरविले की, ह्या वेळी येथे काही करायचे नाही, मे महिन्यात गावी गेलो म्हणजे आजीबरोबर सण करू. त्या रविवारी शहराच्या दुसऱ्या भागातील एका मराठी उपासनेत मला संदेश द्यायचा होता. मी तो दिला. रिकाम्या कबरेविषयी बोललो, लोकांनी हस्तांदोलन केले. घरी आलो, वरणभात जेवलो, मुलगी पुस्तक घेऊन बसली, आणि तिला त्रास नको म्हणून आम्ही भक्तिगीतही म्हटले नाही. रात्री दिवा घालविताना धाकट्याने विचारले, "पप्पा, आपला ईस्टर झाला का?" मी म्हटले, झोप. दुसरे काय म्हणणार?

मे महिन्यात आम्ही गावी गेलो खरे. परंतु गावी त्या दिवसांत दोन लग्ने होती, विहिरीचे काम निघाले होते, आणि ईस्टर होऊन तीन आठवडे लोटले होते. सणाची आठवण कोणी काढली नाही, आम्हीही काढली नाही. येथला सण तेथे नेऊ म्हटले आणि तो वाटेतच कुठे हरवला.

ह्यानंतर काही दिवसांनी गणनेचा नववा अध्याय माझ्या वाचनात आला. पूर्वी तो अनेकदा वाचला होता. पदविकेच्या अभ्यासात तर त्यावर परीक्षेत उत्तरही लिहिले होते. पण तेव्हा मी गावीच राहत होतो.

प्रसंग असा आहे. इस्राएल लोक मिसर देशातून निघाल्याला एक वर्ष झाले आहे. सीनायच्या रानात पहिल्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी वल्हांडण सण पाळला जात आहे. त्याच दिवशी काही माणसे मोशे व अहरोन ह्यांच्यापुढे येतात. एका प्रेताचा स्पर्श झाल्यामुळे ती अशुद्ध ठरली आहेत. त्यांची तक्रार अशी की, आम्ही अशुद्ध झालो हे खरे, पण म्हणून सर्व लोकांबरोबर परमेश्वराला अर्पण करण्यापासून आम्हांला दूर का ठेवावे? ही माणसे मला फार आवडतात. नियम आपल्या विरुद्ध आहे हे त्यांना ठाऊक आहे, आणि "बरे झाले, ह्या वर्षी सुटलो" असे म्हणून ती तंबूत बसून राहत नाहीत. सण चुकतो ह्याचे त्यांना दुःख होते. मोशेही घाईने उत्तर देत नाही. थांबा, परमेश्वर काय सांगतो ते ऐकू द्या, असे तो म्हणतो.

मग उत्तर येते. कोणी प्रेतामुळे अशुद्ध असेल, किंवा कोणी दूरच्या प्रवासात असेल, तर त्याने दुसऱ्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी संध्याकाळी सण पाळावा.

येथे वाचकांनी थोडे थांबावे. त्या माणसांनी विचारले होते फक्त प्रेताविषयी. प्रवासाविषयी कोणी विचारले नव्हते. विचारणार तरी कोण? त्या दिवशी सारे इस्राएल एकाच छावणीत, निवासमंडपाभोवती होते. दूर प्रवासाला गेलेला, ज्याचे घर एकीकडे व पोट दुसरीकडे, असा मनुष्य तेथे नव्हताच. तरी परमेश्वराने त्याचे नाव नियमात घातले. पुढे कनानात घरे होतील, व्यापारउदीम होईल, कोणी दूर जाईल, कोणाला नेले जाईल, आणि सणाच्या दिवशी तो घरापासून लांब असेल, हे देवाने आधीच पाहिले. ज्याचा अर्ज कोणी केला नव्हता त्याची रजा मंजूर झाली. कतारगामच्या भाड्याच्या खोलीत बसून हे वचन वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे सांगण्यास हरकत नाही.

परंतु पुढे वाचले पाहिजे. दुसऱ्या महिन्यातील सण हा कमी प्रतीचा सण नव्हे. तीच बेखमीर भाकर, त्याच कडू भाज्या, सकाळपर्यंत काही शिल्लक ठेवायचे नाही, कोकऱ्याचे हाड मोडायचे नाही. (हाडाची हीच आठवण योहान आपल्या शुभवर्तमानात वधस्तंभाजवळ करतो, योहान 19:36 पाहावे.) आणि तेरावे वचन तर कठोर आहे. जो शुद्ध आहे व प्रवासातही नाही, आणि तरी सण पाळण्याचे टाळतो, त्याला लोकांतून काढून टाकावे. म्हणजे सवलत आहे ती अडलेल्याला, आळशाला नाही. 17 एप्रिलच्या त्या रात्री आम्ही दोहोंपैकी कोण होतो? अंतराने अडलो होतो हे खरे. पण वरणभातानंतर एक गीत म्हणायला, मुलांना जवळ घेऊन दहा मिनिटे कबरेची गोष्ट सांगायला कोणते अंतर आड आले होते? अंतराचे नाव पुढे करून आम्ही आळस केला. गणिताच्या पेपरालाही मी उगाच दोष दिला.

चौदावे वचन उपऱ्याविषयी आहे. तुमच्यामध्ये राहणारा परका सण पाळू इच्छील तर त्यालाही हाच नियम. म्हणजे ह्या एका लहान उताऱ्यात घरापासून दूर गेलेला आपला मनुष्य आणि आपल्या घरी आलेला दूरचा मनुष्य, दोघे शेजारी शेजारी आहेत. सुरतेत आम्ही दुसरेही आहोत. येथील गुजराती मंडळी आमच्या पुष्कळ आधीची आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर व फाय्वी हे 1815 साली सुरतेत आले व त्यांनी गुजराती नवा करार तयार करून येथेच छापला. पुढे हे काम आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली तेव्हा ही परंपरा तिच्यात आली. त्यांच्या बाकावर आम्हांला जागा मिळते. मुले त्यांच्याच शब्बाथशाळेत जातात. एकदा मी मुलीला वल्हांडण म्हणजे काय असे विचारले, तर तिला सांगता येईना. मग मी गोष्ट सांगू लागलो तेव्हा ती म्हणाली, "अहो पप्पा, हे तर पास्खापर्व!" तिला गोष्ट ठाऊक होती, आपला शब्द ठाऊक नव्हता. वल्हांडणे म्हणजे ओलांडून जाणे, नाशाचा दूत घराचा उंबरठा ओलांडून पुढे गेला, हे मी समजावून सांगितले. उंबरठा ओलांडणे तिला लगेच कळले. गुजराती शब्दाने तिचे काही नुकसान झाले नव्हते, आणि मराठी शब्दाने थोडी भर पडली.

कतारगामला राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाने दूरच्या प्रवासाचा विचार करावा आणि कतारगाम दरवाजाजवळची जुनी कबरस्थाने त्याला आठवू नयेत, असे होणार नाही. तेथे इंग्रजांचे, डचांचे व आर्मेनियन लोकांचे, अशी तीन परमुलुखांतील माणसे पुरलेली आहेत. इंग्रज कबरस्थानात ऑक्झेंडन बंधूंची दोन मजली, घुमटाची कबर आहे. क्रिस्तोफर ऑक्झेंडन 1659 साली वारला. त्याचा भाऊ सर जॉर्ज हा इंग्रज वखारीचा प्रमुख होता. जानेवारी 1664 मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली तेव्हा वखार राखून बसला होता तोच हा. तो 1669 साली येथेच मेला. डच कबरस्थानात व्हान रेडे ह्याची भव्य कबर आहे. केरळातील वनस्पतींवर बारा खंडांचा मोठा ग्रंथ तयार करविणारा हा मनुष्य 1691 साली सुरतेकडे येत असताना समुद्रावर वारला. हे सारे नफ्यासाठी आलेले लोक होते. त्यांच्या धर्माचरणाचे फार कौतुक करावे असे नाही, आणि इतके मोठे घुमट बांधले ते नबाबांच्या थाटाशी बरोबरी करण्यासाठी, असे मला वाटते.

तरी एक गंमत सांगतो. इंग्लंडात 1752 पर्यंत जुने पंचांग चालत असे, आणि हॉलंड प्रांताने नवे पंचांग 1583 सालीच घेतले होते. म्हणजे एकाच सुरतेत, हाकेच्या अंतरावर, इंग्रज वखारीचा ईस्टर आणि डच वखारीचा ईस्टर पुष्कळ वर्षी वेगवेगळ्या रविवारी येत असणार! आजही पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा ईस्टर बहुतेक वेळा वेगळ्या दिवशी येतो. 2024 साली आमचा 31 मार्चला झाला व त्यांचा 5 मे रोजी. 2025 साली मात्र दोन्ही 20 एप्रिललाच आले. तारखेवरून मंडळीत फार जुन्या काळापासून वाद झाले, आणि 325 साली निकया येथील परिषदेला त्यात लक्ष घालावे लागले. तारीख माणसांनी बसविलेली आहे. कबर मात्र एकाच सकाळी रिकामी सापडली, आणि तेव्हापासून प्रत्येक रविवार तिचाच आहे. तेव्हा कोणी दूर असल्यामुळे आठवडाभर उशिरा सण केला तर तो पाप करीत नाही. गणनेतील नियम हा आम्हां ख्रिस्ती लोकांवर विधी म्हणून बंधनकारक आहे असेही मी म्हणत नाही. (कलस्सै 2:16-17 वाचावे.) त्या नियमात देवाचे मन दिसते, तेवढे आपण घ्यावे.

ईस्टरच्या पहाटे मेणबत्त्या घेऊन कबरस्थानात जाण्याची जी चाल आपल्या पुष्कळ मंडळ्यांत आहे, तिचा संबंधही परमुलुखातील माणसांशी आहे, हे थोड्यांना माहीत असेल. मोराव्हिया प्रांतात छळ झाला तेव्हा तेथील विश्वासी 1722 सालापासून जर्मनीत काउंट झिंझेनडॉर्फ ह्याच्या जमिनीवर येऊन राहिले. त्या वस्तीचे नाव हेर्नहूट. 1732 साली ईस्टरच्या पहाटे ही मंडळी आपल्या टेकडीवरील कबरस्थानात जमली व सूर्योदयाबरोबर त्यांनी उपासना केली. वडिलांच्या कबरी मागे मोराव्हियात राहिल्या होत्या. नव्या जागी जे थोडे मेले त्यांच्याच कबरींपाशी त्यांनी पुनरुत्थानाची आशा बोलून दाखविली. गणनेतील त्या माणसांना प्रेताने सणापासून दूर ठेवले होते. आपला सण तर प्रेताला सुगंधी द्रव्ये लावायला निघालेल्या स्त्रियांपासून सुरू होतो. हा फरक वर्गात सांगण्यासारखा आहे. मोठ्या मुलांना तो पटकन समजतो.

आता मुलांविषयी. परमुलुखात आईबापांचे अर्धे ओझे मुलांचेच असते. ह्याबाबतीत आपल्या महाराष्ट्रातील एक मोठे उदाहरण आहे. पंडिता रमाबाई 1883 साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्यांना आश्रय मिळाला आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी तेथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात राहू लागल्या व मनोरमा वाँटेजला राहिली. भगिनींचे प्रेम खरे होते. परंतु प्रेमाबरोबर त्यांच्या सगळ्या चालीरीतीही विश्वासाचा भाग म्हणून आल्या, आणि तेथे रमाबाई अडून बसल्या. त्यांनी मांसाहार केला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे त्यांनी विचारले. आणि आपल्या मुलीला धर्माचे काय शिकवावे हे ठरविण्याचा अधिकार आईचा आहे, हे त्यांनी आपल्या उपकारकर्त्यांना स्पष्ट लिहिले. हा पत्रव्यवहार 1977 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला आहे. सिद्धांताच्या काही प्रश्नांत रमाबाई त्या वेळी चाचपडत होत्या, आणि त्यांची सर्व मते मला मान्य नाहीत. परंतु दुसऱ्याच्या छपराखाली, दुसऱ्याच्या भाकरीवर असताना आपल्या लेकराच्या विश्वासाची जबाबदारी त्यांनी कोणाच्या हवाली केली नाही, हे पाहण्यासारखे आहे. पुढे त्याच बाईंनी साध्या बायकांना समजेल अशा मराठीत अवघे पवित्र शास्त्र मुळावरून उतरविले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 साली पूर्ण छापून निघाले.

आपण जबाबदारी कशी सोडतो ते लूकाच्या दुसऱ्या अध्यायात दिसते. योसेफ व मरीया दरवर्षी वल्हांडणासाठी यरुशलेमेस जात. मुलगा बारा वर्षांचा असताना परतीच्या वाटेवर तो मागे राहिला, आणि एक दिवसाची वाट संपेपर्यंत त्यांना ते कळले नाही. का? नातेवाइकांच्या व ओळखीच्या लोकांच्या घोळक्यात असेल, असे त्यांना वाटले. ह्या एका वाटण्यासाठी त्यांना तीन दिवस शोधावे लागले. आम्हीही असेच धरून चालतो. मुलांचा विश्वास गावी आजीपाशी आहे. शब्बाथशाळेत आहे. पाळकसाहेबांपाशी आहे. घोळक्यात कुठेतरी आहे. योसेफ आणि मरीया तर सण करून परत येत होते. आम्ही सण न करताच नि:शंक होतो.

निर्गमाच्या बाराव्या अध्यायात ह्यावर जो उपाय आहे तो अगदी घरगुती आहे. पहिला वल्हांडण मंदिरात झाला नाही, कारण मंदिर नव्हते. तो घरात झाला, तोही परक्याच्या देशात. कुटुंब लहान असेल तर शेजारच्या कुटुंबाला बरोबर घ्यावे, असे चौथ्या वचनात सांगितले आहे. आणि पुढे सव्विसाव्या वचनात, मुले विचारतील की ह्या सेवेचा अर्थ काय, तेव्हा त्यांना उत्तर द्यावे, असे आहे. उत्तर कोणी द्यावे? याजकाने असे तेथे म्हटलेले नाही. ज्याला विचारले त्याने. आमच्या धाकट्याने विचारले होते ते मला, आणि मी म्हटले होते, झोप.

पुढच्या वर्षी, 2023 साली, ईस्टर 9 एप्रिलला होता. आमच्या आसपास आणखी तीन मराठी कुटुंबे आहेत. एक नवापूरकडील, दोन खानदेशातील. त्यांना आम्ही शनिवारी रात्री बोलाविले. पहाटे पाच वाजता गच्चीवर चढलो. एकूण सतरा माणसे, त्यांतली नऊ मुले. योहानाचा विसावा अध्याय मुलीने मराठीतून वाचला, अडखळत का होईना. नवापूरच्या बंधूंनी त्यांच्या मावचीत प्रार्थना केली, ती आम्हां कोणालाच समजली नाही, पण आमेन सर्वांनी म्हटले. खालच्या मजल्यावरील सौराष्ट्राचे काका जिन्यात उभे राहून पाहत होते. त्यांना वर बोलावून चहा दिला. चौदावे वचन मला तेव्हाच आठवले असे नाही, नंतर आठवले. सहा वाजता सर्वजण खाली आले, आणि साडेसहाला मुले अभ्यासाला बसली. म्हणजे एवढ्यासाठी एक तास पुरला.

शिक्षकांसाठी थोडे. हा पाठ घेताना कडू भाज्यांचे केवळ वर्णन करू नका. मेथीची चार कच्ची पाने प्रत्येकाच्या हातावर ठेवा. आमच्या शेजारच्या बाई गुढीपाडव्याला मुलांना कडुलिंबाची पाने देतात, त्यामुळे आमच्या मुलांना कडू चव आणि सण ह्यांचे नाते नवे वाटले नाही. तुमच्याही मुलांना वाटणार नाही. लहान वर्गात गणनेची माणसे नाटकातून दाखविता येतात, चार मुले तक्रार घेऊन येतात आणि एक मोशे होतो. मोशेने लगेच उत्तर द्यायचे नाही, थांबायचे, ह्यावर भर द्या. मुले उत्तर द्यायला उतावीळ असतात. मोठ्या वर्गाला विचारा : तुमच्या वर्गातील कोणाचे घरचे मनुष्य ह्या ईस्टरला दूर असणार आहे? दुबईला, जहाजावर, सैन्यात, रुग्णालयात? त्याला मुलांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहावे, आणि सणाची गोष्ट त्यात पूर्ण लिहावी, केवळ शुभेच्छा नव्हेत. अम्माऊसच्या वाटेवरील दोघांची गोष्ट (लूक 24) ह्या पत्रासाठी चांगली, कारण ती वाटेवर सुरू होते, एका घरातील जेवणापाशी त्यांचे डोळे उघडतात, आणि ती माणसे रात्रीच उठून परत निघतात. ज्या मुलांचे वडील वारले आहेत किंवा घर सोडून गेले आहेत त्यांना मात्र ह्या प्रश्नाने दुखवू नये. शिक्षकाने वर्गाची माहिती आधी घ्यावी.

त्या मे महिन्यात आम्ही गावी गेलो तेव्हा मी आईला गणनेचा उतारा वाचून दाखविला व म्हटले, आपण दुसऱ्या महिन्यातला सण करू. तिला ते पटायला वेळ लागला. "ईस्टर होऊन गेला की, आता कसला सण?" असे ती दोनदा म्हणाली. मग आत गेली आणि आपल्या शास्त्रातून दोन झावळीचे क्रूस काढून आणले. झावळ्यांच्या रविवारी देवळात मिळालेली झावळी घरी आणून तिने दोन्ही नातवंडांसाठी ते केले होते, आणि ते वाळून पिवळे पडले होते. मागच्या वर्षीही तिने केले होते, असे तिने सांगितले; आम्ही सणाचा विषय काढला नाही म्हणून ते तसेच शास्त्रात राहून गेले. तेही तिने काढून दाखविले.

संध्याकाळी अंगणात सतरंजी टाकली. पुरणपोळी केली होती, आणि आईने शेताच्या बांधावरून काहीतरी कडू पाला आणला होता, त्याचे नाव मला आता आठवत नाही. धाकट्याला मी आधी शिकवून ठेवले होते की, आजीला विचारायचे, ह्या सणाचा अर्थ काय? त्याने विचारले. आई थोडी लाजली, पदर सावरून बसली, आणि तिने मग्दालीया मरीयेपासून सांगायला सुरुवात केली.